चित्रकार मासाच्चो

इटली देशात आर्नो नदीच्या तीरावर फ्लॉरेन्स नावाचे एक प्राचीन नगर वसलेले आहे. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी हे नगर लोकरीच्या आणि रेशमाच्या व्यापाराने गजबजून गेले होते. तेथील पेढ्यांचे व्यवहार युरोपभर चालत; तेथील फ्लोरिन नावाचे सोन्याचे नाणे दूरदूरच्या बाजारांत विश्वासाने स्वीकारले जाई. द्रव्यसंपन्न झालेले व्यापारी परलोकीच्या कल्याणासाठी आणि इहलोकीच्या कीर्तीसाठी चर्चमध्ये वेद्या बांधवीत आणि भिंतींवर धर्मकथांची चित्रे काढवून घेत. या नगरात एका तरुणाने १४२२ पासून जेमतेम सहा वर्षे काम केले आणि वयाची सत्तावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच तो हे जग सोडून गेला. एवढ्या अल्प अवधीत त्याने सपाट भिंतीवर खोली उत्पन्न केली, संतांच्या अंगाला वजन दिले आणि चित्रातील उजेडाला दिशा दिली. त्या तरुणाचे नाव मासाच्चो.

मासाच्चोचा जन्म २१ डिसेंबर १४०१ रोजी आर्नोच्या खोऱ्यातील एका लहान गावी झाला. ते गाव आज सान जोव्हान्नी व्हाल्दार्नो या नावाने ओळखले जाते. जन्माचा दिवस हा संत थॉमस याच्या सणाचा दिवस होता, म्हणून मुलाचे नाव तोमासो असे ठेवण्यात आले. वडील दस्तऐवज लिहिण्याचा व्यवसाय करीत. त्यांच्या घराण्यात पूर्वी लाकडी पेट्या बनविण्याचे काम चाले. तोमासो जेमतेम पाच वर्षांचा होतो न होतो तोच, १४०६ साली, वडील ऐन तारुण्यात निवर्तले. त्याच वर्षी धाकटा भाऊ जन्मास आला आणि त्याला पित्याचेच नाव मिळाले. पुढे आईने एका वयस्क औषधविक्रेत्याशी पुनर्विवाह केला. परंतु तोही १४१७ साली वारला. सोळाव्या वर्षाच्या आतच दुसऱ्यांदा घरचा आधार तुटलेला हा मुलगा पुढे आई आणि भाऊ यांना घेऊन फ्लॉरेन्समध्ये राहिला. धाकटा भाऊही चित्रकार झाला.

तोमासोचा मासाच्चो कसा झाला, याची हकीकत मौजेची आहे. आपल्याकडे रामाचा राम्या आणि गोविंदाचा गोंद्या होतो, तसाच हा प्रकार. पुढच्या शतकात चित्रकारांची चरित्रे लिहिणारा व्हाझारी सांगतो, की हा मुलगा मनाने वाईट मुळीच नव्हता. पण त्याचे सारे चित्त कलेत गुंतलेले असल्यामुळे कपडे, पैसा, येणेदेणे यांकडे त्याचे लक्षच नसे. अंगरखा चुरगळलेला आहे की नीट आहे, उसने दिलेले पैसे परत आले की नाहीत, याची त्याला शुद्ध नसे. म्हणून लोकांनी त्याचे नाव असे ओबडधोबड केले. त्याच नगरात तोमासो नावाचाच दुसरा एक चित्रकार होता. तो याच्याहून सुमारे अठरा वर्षांनी मोठा, स्वभावाने आणि कुंचल्याने मृदू. त्याला सारे मासोलिनो, म्हणजे लहानगा तोमासो म्हणत. या दोघा तोमासोंची नावे पुढे कायमची एकत्र जोडली गेली.

त्या काळी फ्लॉरेन्समध्ये कोणताही व्यवसाय करावयाचा तर त्या व्यवसायाच्या संघाचे सभासद व्हावे लागे. चित्रकारांचा स्वतंत्र संघ नव्हता. ते वैद्य आणि औषधविक्रेते यांच्या संघात मोडत. वरवर पाहता हे विचित्र वाटेल. परंतु रंगांसाठी लागणारी खनिजे आणि मुळ्या औषधांच्याच दुकानी मिळत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील संगती कळते. ७ जानेवारी १४२२ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मासाच्चो या संघाचा सभासद झाला आणि त्याला स्वतंत्रपणे काम घेण्याचा अधिकार प्राप्त झाला.

त्या वेळची धार्मिक चित्रे कशी असत, हे समजल्यावाचून मासाच्चोने काय केले हे कळणार नाही. चर्चमध्ये येणाऱ्या बहुसंख्य लोकांना वाचता येत नसे. त्यांच्यासाठी चित्र हाच ग्रंथ होता आणि प्रतीके ही त्या ग्रंथाची अक्षरे होती. हाती किल्ल्या असल्या की तो संत पीटर. तलवार असली की संत पॉल. निळे प्रावरण पांघरलेली ती कुमारी मेरी. शुभ्र कबुतर दिसले की तो पवित्र आत्मा. मस्तकामागे सोन्याचे वलय असले की ती व्यक्ती पवित्र समजावी. चित्राची सारी पार्श्वभूमीही पुष्कळदा सोन्याच्या वर्खाने मढविलेली असे, कारण सोने हे स्वर्गीय प्रकाशाचे चिन्ह होते. ज्याचा अधिकार मोठा त्याची आकृतीही मोठी काढीत. १४२३ साली जेंतिले दा फाब्रियानो या चित्रकाराने फ्लॉरेन्समधील पाल्ला स्त्रोत्सी या अतिधनाढ्य गृहस्थासाठी बालयेशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे एक भव्य चित्र पुरे केले. त्यात जरीची वस्त्रे, शिकारी कुत्रे, घोडे, माकडे यांची एवढी दाटी आणि सोन्याची एवढी लयलूट आहे, की पाहणाऱ्याचे डोळे दिपून जातात. हे चित्र फार सुंदर आहे आणि त्याला कमी लेखणे अन्यायाचे होईल. मात्र त्यातील माणसे जमिनीवर उभी आहेत की पडद्यावर विणलेली आहेत, असा प्रश्न मनात येतो खरा.

मासाच्चोने वेगळी वाट धरली. या वाटेवर त्याला दोन वडीलधारे कलावंत भेटले. एक शिल्पकार दोनातेल्लो. त्याचे दगडी संत आपल्या पायांवर भार टाकून, वस्त्रांच्या जड चुण्यांसह, खऱ्या माणसांप्रमाणे उभे राहत. दुसरा वास्तुविशारद ब्रुनेलेस्की. १४२० साली फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चवरील प्रचंड घुमटाचे बांधकाम याच्याच योजनेनुसार सुरू झाले होते. ब्रुनेलेस्कीने आणखी एक मोठे कार्य केले. सरळ जाणाऱ्या आगगाडीच्या रुळांमध्ये उभे राहून पाहिले तर दोन्ही रूळ दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे भासतात, हा अनुभव सर्वांचा आहे. दूरच्या वस्तू किती लहान दिसाव्यात आणि मागे जाणाऱ्या रेषा कोणत्या बिंदूत मिळाव्यात, याचा भूमितीने हिशेब मांडता येतो, हे ब्रुनेलेस्कीने प्रयोगाने दाखवून दिले. या शास्त्राला यथार्थदर्शन म्हणतात. त्याने हे शास्त्र इमारतींच्या दृश्यांवर पारखून पाहिले होते. मासाच्चोने ते धर्मकथेच्या सेवेला लावले. रेषा कोठे मिळवावयाच्या हे एकदा चित्रकाराच्या हाती आले, म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी कोठे न्यावयाची हेही त्याच्या हाती येते. मासाच्चोच्या चित्रांचा अर्थ लावताना ही गोष्ट क्षणभरही विसरून चालत नाही.

१४२६ साली पीसा नगरातील कार्मेलाइट पंथाच्या चर्चमधील वेदीसाठी त्याने अनेक फळ्यांचे एक मोठे चित्र केले. त्याबद्दल त्याला ८० फ्लोरिन मिळाले. या चित्राच्या मध्यभागी मेरी माता बाळाला मांडीवर घेऊन दगडी सिंहासनावर बसली आहे. पार्श्वभूमी सोन्याचीच आहे, कारण ती चाल होती; परंतु सिंहासनावर एका बाजूने आलेल्या उजेडाची सावली पडली आहे आणि बाळाच्या मस्तकामागचे वलय सपाट थाळीसारखे न दाखविता डोक्यावर कललेल्या चकतीसारखे दाखविले आहे. बाळ आईच्या हातातील द्राक्षे खात आहे. इतर कोणतेही मूल जशी बोटे तोंडात घालते तशीच यानेही घातली आहेत. परंतु द्राक्षे म्हणजे मद्य, आणि ख्रिस्ती उपासनेत मद्य हे येशूच्या सांडलेल्या रक्ताचे प्रतीक होय. हे जाणणाऱ्याला आईच्या चेहऱ्यावरील खिन्नतेचे कारण कळते. याच चित्राच्या सर्वांत वरच्या भागात क्रुसावरील येशूची फळी होती. ती जवळून पाहिली तर येशूला मानच नाही, मस्तक सरळ छातीत रुतले आहे, असे वाटते. ही चूक नव्हे. ती फळी उंचावर बसवावयाची होती. खालून वर पाहणाऱ्याला पुढे झुकलेले मस्तक मानेला झाकून टाकणार, हा हिशेब चित्रकाराने केला होता. चित्र कोठे लागणार आणि पाहणारा कोठे उभा राहणार, याचा एवढा विचार त्यापूर्वी क्वचितच झाला होता.

फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या दक्षिण तीरावर सांता मारिया देल कार्मिने नावाचे चर्च आहे. त्यात ब्रांकाच्ची कुटुंबाचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. फेलिचे ब्रांकाच्ची हा रेशमाचा व्यापारी असून १४२२ साली तो नगराचा वकील म्हणून इजिप्तच्या सुलतानाकडे जाऊन आला होता. या मंदिराच्या भिंतींवर संत पीटरचे चरित्र रंगविण्याचे काम १४२४ च्या सुमारास दोघा तोमासोंकडे आले. मासोलिनो पुढे हंगेरीला निघून गेला आणि भिंतीपुढे मासाच्चो राहिला.

भिंतीवरील हे काम ओल्या गिलाव्यावर करावयाचे असे. गवंडी सकाळी एका दिवसात रंगवून होईल एवढाच चुन्याचा ताजा थर लावी. तो ओला असतानाच पाण्यात कालविलेले रंग त्यावर चढवावे लागत. चुना वाळताना रंगाचे कण त्यात कायमचे बांधले जातात. म्हणून ही चित्रे शतकानुशतके टिकतात. परंतु एकदा थर वाळला की चुकीची दुरुस्ती नाही. गिलावा खरवडून पुन्हा लावणे हाच उपाय. प्रत्येक दिवसाच्या गिलाव्याचे सांधे आजही बारकाईने पाहिल्यास दिसतात आणि त्यांवरून चित्रकाराने किती दिवसांत काय केले ते मोजता येते. जिचे वर्णन पुढे यावयाचे आहे त्या कराच्या नाण्याच्या चित्राला सुमारे तीस दिवस लागले. आदम आणि हव्वा यांचे चित्र तर त्याने अवघ्या चार दिवसांत पुरे केले.

या मंदिरात शिरताना डाव्या हाताच्या खांबावर हे आदम आणि हव्वा यांचे चित्र आहे. देवाची आज्ञा मोडल्यामुळे त्या दोघांना नंदनवनातून बाहेर घालविले, ही बायबलमधील कथा. मासाच्चोने येथे बाग दाखविली नाही, फुले दाखविली नाहीत, देवही दाखविला नाही. एक अरुंद द्वार, वर तलवार घेतलेला देवदूत आणि उघड्या माळावर दोन नग्न माणसे, एवढेच. आदमाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले आहे. त्याचे पोट हुंदक्याने आत ओढले गेले आहे. हव्वेने हातांनी अंग झाकले असून मान वर करून ती आकांत करीत आहे. एकाला आपल्या कृत्याची लाज चेहऱ्यात वाटते, दुसरीला देहात. दोन हातांच्या ठेवणीत मासाच्चोने हा भेद सांगून टाकला आहे. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. द्वार डावीकडे आहे, म्हणून ती दोघे उजवीकडे, म्हणजे मंदिराच्या आत, वेदीच्या दिशेने चालत आहेत. उजेडही त्यांच्यावर समोरून, वेदीमागील खऱ्या खिडकी ज्या बाजूस आहे त्याच बाजूने पडतो आणि त्यांच्या सावल्या मागे द्वाराकडे पडतात. स्वर्ग मागे राहिला. परंतु पाऊल पडत आहे ते पीटरच्या कथेकडे, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार उद्धाराच्या मार्गाकडे. हा अर्थ कोणत्याही चिन्हाने लिहिलेला नाही. चित्र भिंतीवर कोठे आहे आणि माणसे कोणीकडे तोंड करून आहेत, यातून तो निघतो.

त्याच्या शेजारीच मासाच्चोचे सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे. कफर्णहूम या गावी मंदिराचा कर वसूल करणाऱ्यांनी पीटरला हटकले, की तुझा गुरू कर देतो की नाही. तेव्हा येशूने पीटरला सरोवरावर पाठविले. पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे सापडेल, ते दोघांसाठी म्हणून देऊन टाक, अशी आज्ञा केली. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात ही कथा येते. मासाच्चोने तिचे तीन प्रसंग एकाच विस्तीर्ण देखाव्यात आणले आहेत. मध्यभागी येशू आणि त्याच्याभोवती शिष्यांचे वर्तुळ. डाव्या टोकाला, मागे दूर, सरोवराकाठी प्रावरण बाजूला ठेवून, ओणवून माशाच्या तोंडातून नाणे काढणारा पीटर. उजव्या टोकाला घरासमोर कर घेणाऱ्याच्या तळहातावर नाणे ठेवणारा पीटर. पीटर तीनदा आला आहे, कर घेणारा दोनदा. वस्त्रांचे रंग तेच ठेवल्यामुळे ओळखण्यात घोटाळा होत नाही.

हे चित्र डावीकडून उजवीकडे वाचू लागणारा मनुष्य गोंधळतो. प्रथम मध्यभागी पाहिले पाहिजे. येशूचा हात डावीकडे दाखवितो. पीटरचा हातही, किंचित अविश्वासाने, तीच दिशा दाखवितो. त्या दोन हातांमागून आपली दृष्टी सरोवरावर जाते. कर घेणाऱ्याच्या हाताची दिशा उजवीकडे आहे. तिच्यामागून दृष्टी शेवटच्या प्रसंगावर जाते. शिष्यांनी पायघोळ वस्त्रे नेसली असून त्यांच्या मस्तकांमागे वलये आहेत. कर घेणाऱ्याचा अंगरखा आखूड, पाय उघडे, मस्तकामागे वलय नाही. आणि तो आपल्याकडे पाठ करून उभा आहे. अशी पाठमोरी आकृती पुढे उभी केल्यामुळे शिष्यांचे वर्तुळ पुढच्या बाजूने पुरे होते आणि मागे असलेली जागा खरी वाटू लागते. उजवीकडील घराच्या मागे जाणाऱ्या रेषा वाढविल्या तर त्या येशूच्या मस्तकापाशी येऊन मिळतात. अनेक अभ्यासकांच्या मते ते एक मस्तक मासोलिनोने रंगविलेले आहे. तसे असेल तर मासाच्चोने सर्व रेषा जेथे आणून सोडल्या तेथे मित्राचा कुंचला फिरला, असे म्हणावे लागेल. पाठीमागे डोंगर आणि उघडी झाडे धूसर होत जातात.

या चित्राचा अर्थ काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. १४२७ च्या मे महिन्यात फ्लॉरेन्सच्या शासनाने प्रत्येकाची मालमत्ता मोजून तीवर कर बसविण्याचा कायदा केला. युद्धाच्या खर्चाने खजिना रिकामा झाला होता. तेव्हा नागरिकांनी कर मुकाट्याने द्यावा असा बोध या चित्रात आहे, असे काहींना वाटते. पीटर हा चर्चचा आद्य प्रमुख. त्याच्या हातून कर देववून चर्चचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही सुचविली आहेत, असे दुसरे म्हणतात. चित्र कायद्याच्या आधीचे असू शकेल, म्हणून पहिला तर्क अगदीच पक्का मानता येत नाही. चित्राची रचना मात्र आपली साक्ष देतेच. नाणे सापडते ते एका टोकाला आणि दिले जाते ते दुसऱ्या टोकाला. मध्यभागी नाणे नाहीच. तेथे आहे ती आज्ञा, आणि ती ऐकून गंभीर झालेले बारा चेहरे. कराहून ही आज्ञापालनाची कथा अधिक आहे, असे ते मध्यस्थान सांगते.

नव्या कायद्यानुसार मासाच्चोलाही जुलै १४२७ मध्ये आपली स्थिती लिहून द्यावी लागली. तो कागद जपून राहिला आहे. त्यात भाड्याचे घर, कामासाठी भाड्याने घेतलेला दुकानाचा एक भाग, पदरी असलेली आई आणि भाऊ, सहायकाचे देणे राहिलेले वेतन आणि इतर कर्ज यांची नोंद आहे. मालमत्ता म्हणून दाखविण्याजोगे काही नाही.

त्याच मंदिरात वेदीच्या डाव्या बाजूस आणखी एक लहान चित्र आहे. पीटर रस्त्याने जात असता त्याची सावली ज्यांच्यावर पडेल ते रोगी बरे होत, असे बायबलमध्ये सांगितले आहे. सावलीचाच चमत्कार दाखवावयाचा, आणि सावली दाखविण्याची चाल तर चित्रकलेत जवळजवळ नव्हतीच! मासाच्चोने फ्लॉरेन्समधील दगडी घरांची एक गल्ली काढली. पीटर समोर पाहत सरळ चालला आहे. बाजूला पडलेल्या पांगळ्यांकडे त्याचे लक्षही नाही. सावली जिच्यावरून पुढे गेली ती माणसे उभी राहिली आहेत, एक उठू पाहत आहे, आणि अगदी पुढचा अजून आखडलेल्या पायांनी जमिनीवरच आहे. बरे होण्याच्या तीन पायऱ्या एका दृष्टिक्षेपात कळतात. येथे सोने नाही, किरणे नाहीत. अंधाराचा एक पट्टा भिंतीवरून सरकत आहे, आणि तोच कृपेचे चिन्ह झाला आहे.

फ्लॉरेन्समधील सांता मारिया नोव्हेल्ला या दुसऱ्या चर्चमध्ये त्याच सुमारास मासाच्चोने पवित्र त्रैक्याचे चित्र काढले. देवपिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच ईश्वर, हा ख्रिस्ती धर्मातील गूढ सिद्धान्त. हे चित्र सुमारे साडेसहा मीटर उंच आहे. पाहणाऱ्याला वाटते, की भिंत फोडून आत एक प्रार्थनामंदिर बांधले आहे, त्याला अर्धवर्तुळाकार छत आहे आणि त्या छताच्या चौकटी ओळीने मागे मागे जात आहेत. ही आखणी करताना गिलाव्यात खिळा रोवून त्याला दोरी बांधली आणि ती ताणून रेषा उमटविल्या. त्यांच्या खुणा आजही त्या गिलाव्यात आहेत. सर्व रेषा क्रुसाच्या पायथ्याशी, जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, येऊन मिळतात. त्यामुळे पाहणाऱ्याला क्रूस मान वर करून पाहावा लागतो.

आणि खाली पाहिले तर? खाली एक दगडी पेटी असून तीवर माणसाचा सांगाडा निजला आहे. आजचा पाहणारा जसा जिवंत आहे तसा आपणही एके काळी होतो आणि आपण आज जसे आहो तसा तोही होणार आहे, अशा आशयाचा लेख त्या सांगाड्याच्या वर कोरल्यासारखा रंगविला आहे. त्याच्यावर, बांधलेल्या मंदिराच्या बाहेर, चित्र काढवून घेणारे गृहस्थ आणि त्यांची पत्नी गुडघे टेकून बसली आहेत. ती संतांच्या एवढीच मोठी आहेत; भक्ताला बाहुलीएवढा लहान काढण्याची जुनी चाल मासाच्चोने मोडली. त्यांच्या आत मेरी आणि संत जॉन उभे आहेत. मेरी येथे वृद्ध दिसते. ती रडत नाही. आपल्याकडे पाहून ती हाताने पुत्राकडे निर्देश करते. मग क्रुसावरचा येशू, आणि त्याच्यामागे दोन्ही हातांनी क्रूस धरलेला देवपिता. दोघांच्या मधली शुभ्र गळपट्टी ही वास्तविक पंख पसरलेले कबुतर आहे, हे दुसऱ्यांदा पाहिल्यावर लक्षात येते. मृत्यूपासून आरंभ करून मनुष्य, संत, पुत्र आणि पिता अशा पायऱ्यांनी दृष्टी वर चढते. येशूला जेथे क्रुसावर चढविले तेथेच आदम पुरलेला होता, अशी जुनी समजूत आहे. तो सांगाडा आदमाचाही मानता येतो.

या अचूक भूमितीत एक कोडे मात्र आहे. देवपित्याचे पाय मागच्या भिंतीलगतच्या फळीवर दिसतात, आणि हात तर पुढे असलेल्या क्रुसाला धरून आहेत. शिवाय बाकी सर्व गोष्टी खालून पाहिल्यासारख्या काढल्या असून पिता तेवढा समोरासमोर पाहिल्यासारखा आहे. काही जण याला हिशेबातील ढिलाई म्हणतात. ज्याने छताची प्रत्येक चौकट मोजून काढली तो येथेच चुकला असेल हे पटत नाही. ईश्वर मोजमापात बसत नाही, असे सुचविण्यासाठीच त्याने तेवढ्यापुरता नियम बाजूला ठेवला, हे दुसरे मत अधिक समाधानकारक वाटते.

यानंतर मासाच्चो रोमला गेला. मासोलिनोही तेथे होता. एका मोठ्या वेदीचित्रासाठी संत जेरोम आणि बाप्तिस्मा देणारा जॉन यांची फळी त्याने रंगविली, आणि १४२८ साली तेथेच त्याचा अंत झाला. मृत्यू इतका अचानक होता, की विषप्रयोगाची कुजबुज झाली. त्याला पुरावा काही नाही. ब्रुनेलेस्कीला या वार्तेने फार दुःख झाले, असे व्हाझारी लिहितो. आठ वर्षांनी, १४३६ साली, आल्बेर्ती या पंडिताने चित्रकलेवरील आपला ग्रंथ इटालियन भाषेत आणला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत ब्रुनेलेस्की आणि दोनातेल्लो यांच्या पंक्तीला त्याने मासाच्चोचे नाव घातले.

ब्रांकाच्ची मंदिर अपुरेच राहिले. राजकारणात विरुद्ध पक्ष प्रबळ झाल्यामुळे फेलिचे ब्रांकाच्ची परागंदा झाला. जवळजवळ साठ वर्षांनी फिलिप्पिनो लिप्पी याने उरलेली चित्रे पुरी केली. त्याचा पिता याच कार्मिनेच्या मठात तरुणपणी भिक्षू होता. दरम्यान हे लहानसे मंदिर चित्रकारांची शाळाच बनून गेले. तरुण मायकेलअँजेलो तेथे बसून आकृत्या उतरवून घेई. मासाच्चोच्या पीटरवरून त्याने केलेले एक रेखाटन आजही उपलब्ध आहे. तेथेच एका सोबत्याने भांडणात ठोसा मारून त्याचे नाक मोडले, असे सांगतात.

चित्रांच्या नशिबी पुढे बरेच भोग आले. ज्या व्हाझारीने त्रैक्याच्या चित्राची स्तुती लिहिली, त्याच्याच हातून १५७० साली त्या चित्रापुढे नवी दगडी वेदी उभी राहिली आणि तीवर त्याचे स्वतःचे चित्र बसले. त्याने मागची भिंत खरवडली नाही, एवढे त्याचे उपकार मानले पाहिजेत. सुमारे तीनशे वर्षे ते चित्र कोणाच्या दृष्टीस पडले नाही. १८६० च्या सुमारास वेदी हलविताना ते सापडले, तेव्हा वरचा भाग भिंतीपासून सोडवून प्रवेशद्वाराजवळ नेला. खालचा सांगाडा मात्र मूळ भिंतीतच झाकलेला राहिला. तो १९५२ च्या सुमारास उघडकीस आला, आणि मग वरचा भाग परत आणून दोन्ही जोडण्यात आले. तोपर्यंत ज्यांनी हे चित्र पाहिले त्यांना त्याची पहिली पायरी ठाऊकच नव्हती. पीसाचे वेदीचित्र तर सुटे होऊन गेले. आई आणि बाळ लंडनला, क्रुसावरचा येशू नेपल्सला, काही फळ्या बर्लिनला, एक अमेरिकेत, आणि संत पॉलची एक फळी तेवढी पीसामध्ये आहे.

ब्रांकाच्ची मंदिरातील आदम आणि हव्वा यांची नग्नता सतराव्या शतकात कोणाच्या तरी मर्यादेला खुपली आणि १६८० च्या सुमारास दोघांच्या कमरेवर पानांची डहाळी रंगविण्यात आली. १७७१ साली चर्चला मोठी आग लागली. मंदिर वाचले, पण धुराने भिंती काळवंडून गेल्या, आणि पुढची दोनशे वर्षे मासाच्चो हा अंधाऱ्या तपकिरी रंगांचा चित्रकार आहे असेच लोक समजत राहिले. १९८० नंतरच्या दशकात तज्ज्ञांनी काजळी उतरविली, वरून काढलेली पाने काढून टाकली. तेव्हा सरोवराचे निळे पाणी, शिष्यांची गुलाबी आणि हिरवी वस्त्रे पुन्हा दिसू लागली. आणि द्वारातून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या दोघांच्या अंगावर खिडकीकडून येणारा उजेड पुन्हा स्वच्छ पडला.